टाकीला चुंबळ हवी का?

पत्राचा गोषवारा: पुण्याच्या एक वाचक मालवणात स्कुबा शिकल्या. आजवर चाळीसेक डाइव्ह झाल्या, बहुतेक मालवण आणि नेत्राणीला, चार-पाच अंदमानात. गेल्या हंगामात भाड्याचं जॅकेट (टाकी धरणारं आणि हवा भरून तरंगवणारं) घालून होडीच्या काठावरून पाठमोरी उडी घेतली आणि टाकी पट्ट्यांतून वीतभर खाली सरकली. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासाला देणारं साधन, तोंडातून ओढला गेला. पुढे काही झालं नाही, पण धसका बसला. आता त्यांनी सेकंडहँड स्टेनलेस स्टीलची बॅकप्लेट (टाकी पाठीवर धरणारी पाटी, 3 मिमी जाड, अडीच किलो) आणि एका टाकीसाठीची 14 किलो उचलणारी विंग (तरंगण्यासाठी हवा भरायची पिशवी) घेतली आहे. टाकी आणि प्लेट यांच्यामधे बसणारा अडॅप्टर सोबत आला नाही. एक मित्र म्हणतो, अडॅप्टरशिवाय टाकी पाठीवर डुलते. घ्यायचाच तर तीन किलोचा जड घे, कमरेला वजन बांधायच्या वेट बेल्टची कटकटच संपेल. दुसरा म्हणतो, अडॅप्टर जुनाट झाला, पट्टे थेट प्लेटमधून ओव. जॅकेट वापरताना त्या 3 मिमी जाडीचा सूट घालून 5 किलो वजन लावत. त्यांचा प्रश्न: सगळ्यात घट्ट आणि सुरक्षित पद्धत कोणती?

नमस्कार,

आधी त्या सरकलेल्या टाकीचं बघू, कारण तुमची सगळी खरेदी त्या धसक्यातून झालेली दिसते. टाकी सरकली म्हणजे जॅकेट वाईट आणि बॅकप्लेट चांगली, असा हिशेब तुम्ही मनात मांडला आहे. पण दोन्हीकडे टाकी धरणारी वस्तू एकच असते: दोन इंची पट्टा आणि लिव्हर ओढून आवळायचं त्याचं कॅम बकल. जॅकेटला बहुधा एक असतो, प्लेटवर दोन लावतात, एवढाच फरक. जी चूक तिथे झाली ती इथेही होऊ शकते, अगदी महागडा अडॅप्टर लावला तरी.

बहुतेक पट्टे नायलॉनचे असतात. नायलॉन पाणी पितं आणि भिजल्यावर थोडं लांबतं. कोरडा पट्टा होडीवर कितीही करकचून आवळा, पाण्यात पाच मिनिटांत तो सैल पडतो. म्हणून टाकी बांधायच्या आधी पट्टे बादलीत पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवायचे, मग बांधायचे. दुसऱ्या डाइव्हच्या आधी पुन्हा तपासायचे, कारण मधल्या तासाभरात उन्हात ते सुकतात आणि परत भिजतात. पॉलिएस्टरचे पट्टे कमी ताणले जातात. कधी बदलायची वेळ आली तर ते मागा.

दुसरं कारण बकलात असतं. प्लास्टिकच्या बकलाला तीन-चार खाचा असतात आणि पट्ट्याचं टोक सगळ्यात शेवटच्या खाचेतून ओवूनच लिव्हर ओढायची असते. घाईत ती शेवटची खाच राहते, लिव्हर तरीही "टक्" करून बसते, आणि बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. उडीचा हिसका बसला की तीच उघडते किंवा पट्टा घसरतो. तुमचे पट्टे नवे असतील तर ओवलेल्या स्थितीत जवळून एक फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा; धुवायला काढले की परत ओवताना हमखास गोंधळ होतो. स्टीलच्या बकलांचं वळण वेगळं असतं, त्यांचा फोटो वेगळा काढा.

तिसरं, टाकीवरची जाळी. रंग खरवडू नये म्हणून काही टाक्यांवर प्लास्टिकची जाळी चढवलेली असते. पट्टा जाळीला धरतो आणि जाळी टाकीवरून घसरते. जाळी काढता येत नसेल तर निदान पट्ट्यांच्या जागेवरून ती गोळा करून खाली सारा.

या तिन्हींपैकी त्या दिवशी नेमकं काय झालं ते आता कळणार नाही. पण यातलं काहीही अडॅप्टरने सुटत नाही. अडॅप्टर टाकीला खाली सरकण्यापासून वाचवत नाही. तो तिला डावी-उजवीकडे लोळण्यापासून वाचवतो. प्रश्न दोन आहेत आणि तुम्ही ते एकाच गाठोड्यात बांधले आहेत.

आता लोळण्याकडे येऊ. बॅकप्लेट मुळात एका टाकीसाठी नव्हतीच. 1979 च्या सुमारास उत्तर फ्लोरिडातल्या गुहांमध्ये डुबणाऱ्या मंडळींनी ती जोडटाक्यांसाठी बनवली. ग्रेग फ्लॅनागन यांना तिचं श्रेय देतात आणि बिल होगार्थ मेन यांनी ती पुढे नेली. तुमच्या प्लेटच्या मधोमध उभी नळीसारखी दुमड आहे बघा. आतून तिच्यात पाठीचा कणा बसतो आणि बाहेरून तिचा उंचवटा दोन टाक्यांमधल्या खळगीत बसतो. त्या दुमडीवरची वर-खाली असलेली दोन भोकं जोडटाक्यांच्या बोल्टसाठी, आणि त्यांच्यातलं अंतर 11 इंच, म्हणजे सुमारे 280 मिमी. हे माप आज जवळपास सगळे कारखाने पाळतात, म्हणूनच एका कंपनीची प्लेट दुसऱ्या कंपनीच्या विंगला चालते. (सेकंडहँड माल आहे, तेव्हा टेप लावून एकदा मोजाच.)

या उंचवट्यावर एकच टाकी ठेवली की गोल वस्तू सपाट पट्टीवर एका रेषेत टेकते. रिकाम्या डोक्यावर घागर ठेवल्यासारखं; ती राहते, पण हाताने धरून. चुंबळ घेतली की घागर बसते. सिंगल टँक अडॅप्टर म्हणजे टाकीची चुंबळ: दोन कडा असलेली धातूची लांबट पन्हळ, ती प्लेटच्या त्या दोन भोकांत बोल्टने बसते आणि टाकीला एका रेषेऐवजी दोन रेषांवर आधार मिळतो.

पण चुंबळ आणखी कशाचीही होते. एका टाकीसाठीच्या बऱ्याच विंगांच्या मधल्या पट्टीवर दोन उभ्या फुगीर कडा शिवलेल्या असतात किंवा आत कडक पट्ट्या घातलेल्या असतात. तुमची विंग जमिनीवर पसरा, टाकीकडची बाजू वर करा आणि मधल्या भागावर तळहात फिरवा. कडा हाताला लागल्या आणि पट्ट्यांसाठी आडव्या नव्हे, उभ्या खाचांच्या दोन जोड्या दिसल्या, तर ही विंग अडॅप्टरशिवाय चालावी म्हणूनच बनवलेली आहे. मग विंगच्या खाचा प्लेटच्या खाचांवर ठेवून बघा. दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. बोटभर फरक असेल तर पट्टा तिरका ओढला जाईल, एका कडेने घासेल, आणि टाकी कधीच सरळ बसणार नाही.

खाचा जुळल्या तर अडॅप्टर अजून घेऊ नका. थेट बांधून बघा. पट्टा टाकीच्या बाजूने विंगच्या खाचेतून आत, प्लेटच्या खाचेतून पुढे, दुमडीच्या आतून पाठीच्या अंगाने आडवा, आणि दुसऱ्या बाजूच्या दोन्ही खाचांतून परत बाहेर. कुठे पीळ पडलेला नाही हे बोटाने चाचपा. दोन्ही बकलं एकाच बाजूला येऊ द्या आणि ती टाकीच्या गोलाईवर सपाट टेकू द्या. बकल खाचेच्या काठावर अर्धवट चढलं तर लिव्हर बसते पण दाब देत नाही. विंगची नळी डाव्या खांद्यावर येते ना, तेही आत्ताच बघा. सगळं बांधून झाल्यावर नळी उजवीकडे निघाली की पुन्हा पहिल्यापासून.

वरचा पट्टा टाकीच्या खांद्याची गोलाई संपून सरळ भाग सुरू होतो तिथून चार बोटं खाली, ही सुरुवातीची जागा. गोलाईवर बांधलेला पट्टा आपोआप निसटतो. मग अंगावर चढवून मान मागे टाका. डोकं रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्याला (टाकीच्या व्हॉल्व्हवर बसणाऱ्या भागाला) आपटलं तर टाकी खाली घ्या. हात मागे नेऊन व्हॉल्व्ह चाचपता आला नाही तर वर घ्या. या दोहोंच्या मधे तुमच्या अंगलटीची जागा सापडते. मात्र टाकी वर-खाली केली की पाण्यातला तोलही बदलतो: वर घेतली तर डोकं जड, खाली घेतली तर पाय.

आता परीक्षा. पट्टे भिजवून, आवळून, सगळं जमिनीवर पालथं ठेवा, म्हणजे प्लेट खाली आणि टाकी वर. एक गुडघा प्लेटच्या कडेवर, दोन्ही हात टाकीवर, आणि तिला डावी-उजवीकडे लोळवायचा प्रयत्न करा. प्लेटसकट सगळं हललं तर उत्तम. प्लेट जागेवर राहून टाकी एकटी लोळत असेल तर आधी पट्टे आणखी एक ओढ घट्ट करा, कारण निम्म्या वेळा दोष पट्ट्यांच्या झोळात असतो. लिव्हर बंद करायला दोन्ही हात आणि थोडा जीव लागला पाहिजे; एका बोटाने बंद होणारं बकल सैल आहे. एवढं करूनही बोटभर लोळत असेल तर तुमच्या विंगमध्ये चुंबळ नाही, आणि अडॅप्टर घ्यायला हरकत नाही. नंतर टाकी उभी करा, प्लेटच्या वरच्या पट्ट्यांना धरून सगळं उचला आणि दोन-तीन जोरदार हिसके द्या. टाकी केसभरही सरकता कामा नये. हा हिसका तुमच्या पाठमोऱ्या उडीपेक्षा सौम्यच असतो.

अडॅप्टरचा एक तोटा त्याचे चाहते सांगत नाहीत. तो टाकीला पाठीपासून दोनेक सेंटिमीटर दूर नेतो. ऐकायला थोडं वाटतं, पण टाकी ही तुमच्या अंगावरची सगळ्यात जड वस्तू; ती पाठीपासून जितकी उंच, तितकी पाण्यात कुशीवर वळवायला ओढते. थेट बांधलेली टाकी पाठीला चिकटून असते. म्हणजे अडॅप्टर टाकीला प्लेटवर स्थिर करतो आणि तुम्हाला पाण्यात किंचित अस्थिर. विंगने नीट धरलेली टाकी असेल तर हा सौदा का करायचा?

तीन किलोच्या अडॅप्टरविषयी मात्र मी तुमच्या मित्राशी सरळ असहमत आहे. हिशेब मांडून बघा. अडीच किलोची स्टीलची प्लेट समुद्राच्या पाण्यात सुमारे 2.2 किलो भरते. जाड गाद्यांचं जॅकेट स्वतःच थोडं तरंगतं, अर्धा ते एक किलो. ते गेलं की तेवढं वजन आणखी कमी लागतं. म्हणजे तुमच्या 5 किलोंपैकी साधारण 1.8 ते 2.3 किलोच उरले. एक किलोचा साधा अडॅप्टर लावला तर बेल्टवर किलो-दीड किलो. तीन किलोचा लावला तर पाण्यात तो 2.6 किलो, बेल्ट शून्यावर येतो आणि वर तुम्ही थोड्या जडच राहता. ते चालून जाईलही, पण मग अडचणीच्या वेळी सोडून देण्यासारखं तुमच्याकडे काहीच उरत नाही. प्लेट आणि अडॅप्टर समुद्रात टाकता येत नाहीत. विंग फाटली किंवा पृष्ठभागावर दम लागला, तर कमरेचा 2 किलोचा बेल्ट एका हाताने सुटतो. ती "कटकट" राहू द्या.

शिवाय हा सगळा हिशेब मालवणात, अंदमानात मिळणाऱ्या ऍल्युमिनियमच्या टाकीवर आहे. 11.1 लिटरची ही टाकी 207 बार दाबाला भरलेली असताना समुद्रात सुमारे पाऊण किलो जड असते आणि रिकामी झाली की 2 किलोने तरंगते. मधला फरक म्हणजे तुम्ही श्वासातून संपवलेली हवा. म्हणून वजन नेहमी डाइव्हच्या शेवटासाठी ठरवायचं: टाकीत 50 बार, विंग पूर्ण रिकामी, 5 मीटरवर शांत श्वास घेत थांबता आलं पाहिजे. सुरुवातीला नीट वाटलं म्हणून वजन कमी केलंत तर शेवटच्या थांब्यावर बुचासारख्या वर याल. उद्या युरोपात कुठे गेलात आणि 12 लिटरची स्टीलची टाकी मिळाली, तर ती रिकामी झाली तरी सहसा बुडतेच. तिथे स्टीलची प्लेट, जड अडॅप्टर आणि स्टीलची टाकी असं एकत्र आलं की पातळ सूटमध्ये तुम्ही दगड.

ऍल्युमिनियमच्या टाकीची आणखी एक खोड आहे, शेवटी शेवटी तिचं बूड वर उचललं जातं. तुम्हाला कंबर वर गेल्यासारखं वाटत असेल तर बेल्टमधलं थोडं वजन, एकेक किलोचे दोन छोटे खिसे, खालच्या पट्ट्यावर टाकीच्या दोन्ही बाजूंना लावता येतात. ते सोडता येत नाहीत, तेव्हा सगळं तिथे नेऊ नका.

समजा परीक्षेत टाकी लोळली आणि अडॅप्टर घ्यायचं ठरलं. हलका घ्या, किलोच्या आतबाहेरचा. त्याच्या बोल्टची डोकी टाकीच्या बाजूला येतात. ती अडॅप्टरच्या कडांपेक्षा खोल बसली पाहिजेत, नाहीतर टाकी बोल्टवर टेकते, रंग उडतो आणि डुलणं जसंच्या तसं. क्रम असा: अडॅप्टर, मग विंग, मग प्लेट, मग वायसर आणि हाताने फिरवायचे विंगनट. नट पाठीकडे, दुमडीच्या आत. घट्ट केल्यावर नटाबाहेर दोन आटे दिसले की पुरे; बोल्ट याहून लांब असेल तर तो मणक्याला टोचेल. विंग सरळ आहे आणि तिची कड दोन धातूंच्या मधे चिमटलेली नाही हे नट आवळण्याआधी बघा.

बोल्ट हरवला तर हार्डवेअरच्या दुकानात एक सापळा आहे. अमेरिकी सामानात 5/16 इंची बोल्ट असतात, युरोपीय सामानात 8 मिलिमीटरचे. जाडी जवळपास सारखी, 7.94 आणि 8 मिमी, त्यामुळे नजरेला फरक कळत नाही. पण आट्यांमधलं अंतर एकात 1.41 मिमी आणि दुसऱ्यात 1.25. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे छान जातो आणि मग अडतो. तिथे पक्कड लावली की आटे गेले. जुना नट खिशात घालूनच दुकानात जा, आणि 316 ग्रेडचं स्टेनलेस मागा. 304 खाऱ्या पाण्यात लवकर डागाळतं, आणि नुसता पॉलिश केलेला लोखंडी बोल्ट तर एका हंगामात गंजून नटासकट एकजीव होतो. स्टीलवर स्टील आवळताना आटे एकमेकांत रुतून बसतात, म्हणून थेंबभर सिलिकॉन ग्रीस लावा.

जोडटाक्यांसाठीचे स्टीलचे पक्के पट्टे, म्हणजे बोल्टने कसलेले, तेही कुणीतरी सुचवेल, "सगळ्यात घट्ट" म्हणून. घट्ट असतात खरे. पण ते एकाच व्यासाच्या टाकीला बसतात आणि होडीवर दोन डाइव्हच्या मधे पान्याने सोडत बसावं लागतं. टाकी भाड्याची घेणाऱ्याने तिकडे बघूच नये. आणि कुणी जोडटाक्यांची मोठी विंग स्वस्तात देऊ केली तरी नको म्हणा. एका टाकीभोवती तिच्या दोन्ही बाजू वर दुमडतात, हवा अडकते आणि ती सोडताना त्रास होतो. तुमची 14 किलोची विंग अगदी पुरेशी आहे: प्लेट, रेग्युलेटर आणि भरलेली टाकी मिळून पाण्यात चार-साडेचार किलोच होतात.

पहिली डाइव्ह समुद्रात करू नका. तुमच्या शिक्षकांना सांगून पूलमध्ये तास-दीड तास घ्या. तिथे तीन गोष्टी करा. काठावरून पाठमोरी उडी, तीन वेळा, प्रत्येक वेळी जोडीदाराने टाकी किती सरकली ते बघायचं. मग तळाशी आडवं तरंगत एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळणं. टाकी तुमच्याबरोबर वळते की अर्धा क्षण मागून येते ते लगेच कळतं. आणि शेवटी, सैल पट्टा पाण्यात घट्ट करायचा सराव, कारण तो प्रसंग कधीतरी येतोच. टाकी सरकली तर स्वतः मागे हात घालू नका, आणि अंगावरून सगळं उतरवूही नका. जोडीदाराला खूण करा, तुम्ही रेग्युलेटर एका हाताने तोंडाशी धरून ठेवा, तो एका हाताने व्हॉल्व्हपाशी टाकी धरून वर सारेल आणि एका वेळी एकच बकल उघडून पुन्हा आवळेल. दोन्ही बकलं एकदम उघडायची नाहीत.

पूलमधून निघालात की पट्ट्यांवर खुणा करून ठेवा. ऍल्युमिनियमच्या टाकीचा व्यास 184 मिमी, म्हणजे घेर 578. स्टीलच्या टाक्या 171 आणि 203 मिमी व्यासात मिळतात, त्यांचे घेर 537 आणि 638. दहा सेंटिमीटरचा हा फरक हलत्या होडीवर, अंगात सूट घालून, अंदाजाने जुळवताना घाम फुटतो. पट्टा अचूक बसला असेल त्या जागी, बकलाच्या कडेला लागून, पांढऱ्या जाड दोऱ्याचे दोन टाके घाला. मार्करची शाई चार डाइव्हमध्ये धुऊन जाते. वेगळ्या मापाची टाकी पहिल्यांदा मिळेल तेव्हा तिच्यासाठी लाल दोरा.